मागून वाचणाऱ्या

सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज बाईंना सगळं हॉस्पिटल पुरावाबाई म्हणायचं. तोंडावर नुसतं बाई, आणि पाठ फिरली की पुरावाबाई. कुणी डॉक्टर राउंडला येऊन म्हणाला, "या जखमेला हे लावत जा, छान गुण येतो," की बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत विचारायच्या, "पुरावा काय?" आणि तो बिचारा जर म्हणाला, "आम्ही वर्षानुवर्षं हेच लावतोय," तर बाईंचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्याने बाहेरच्या चपला घालून ऑपरेशन थिएटरात पाऊल टाकलंय.

माणूस चांगला, पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

बाईंचा एक ग्रुप होता. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या नर्सेसचा. एका परिषदेत जेवणाच्या रांगेत उभ्या असताना चौघीपाचजणी एकच कुरकूर करत होत्या. नवं संशोधन येतं, मोठ्या लोकांच्या भाषणात मिरवतं, आणि आमच्या वॉर्डापर्यंत यायला वर्षं लागतात. बाईंनी हातातलं ताट तिथेच टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांचे नंबर घेतले. त्या रांगेतून ग्रुप उभा राहिला. पुढे भेटी कुणाच्याच झाल्या नाहीत, पण रोज सकाळी एकमेकींची खबरबात घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. नावं लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून जिचं हॉस्पिटल जिथे, ते तिचं नाव. टेकडीवरच्या हॉस्पिटलातली ती टेकडी, बंदराजवळची ती बंदर, स्टेशनासमोरची ती स्टेशन आणि जुन्या पुलापलीकडची ती पूल. बाई मात्र बाईच राहिल्या. त्यांचं हॉस्पिटल भर चौकात, पण त्यांना चौक म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ग्रुपचं काम सोपं होतं. एकीने संशोधनाचा एखादा नवा पेपर वाचायचा, आपल्या भाषेत समजावून सांगायचा आणि वॉर्डात काय बदलायचं ते लिहायचं. पण त्याआधी दुसरीने तोच पेपर मागून वाचायचा. शेवटच्या पानापासून, तळटिपा आणि तक्ते बघत बघत पुढे यायचं. ही पद्धत बाईंचीच. त्या म्हणायच्या, "लिहिणारे लोक चांगलं चांगलं समोर मांडतात आणि अडचणीचं मागे ढकलतात. पाहुणे आले की आपण पसारा मागच्या खोलीत टाकतो ना, तसं. म्हणून कुणीतरी मागच्या दाराने आत शिरायचं." मागून वाचणारीने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय ग्रुपवर काही टाकायचं नाही, हा कायदा. आणि कायदा मोडला की बाई अशी काही हजेरी घेत, की परत कुणी त्या वाटेला जात नसे.

आता हा कायदा मोडला कुणी, तर खुद्द बाईंनी.

झालं असं, की पेपर फार गोड होता. पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला लघवीसाठी जो कॅथेटर लावतात, तो दिवसेंदिवस तसाच राहतो. कुणी म्हणतं राहू दे, कुणी म्हणतं डॉक्टर सांगतील तेव्हा काढू, आणि तोवर जंतूंची चंगळ होते. या पेपरात कॅथेटर दुसऱ्याच दिवशी सकाळी काढला होता. जंतुसंसर्ग कमी झाला, पेशंट लवकर चालायला लागले, लवकर घरी गेले. बाई कितीतरी वर्षं हेच ओरडून सांगत होत्या आणि आता हातात पुरावा आला होता. मागून वाचायची पाळी पूलची. पण तिच्या लेकीचं बाळंतपण, ती रजेवर, फोन उचलत नव्हती. बाईंनी एक दिवस वाट बघितली. मग म्हणाल्या, एवढा सरळ पेपर, त्यात मागून काय निघणार? आणि पेपर जोडून दिला मेसेज टाकून: "सर्व पेशंटचा कॅथेटर दुसऱ्या दिवशी सकाळी काढावा."

ग्रुपवर नुसता वर्षाव झाला. जोडलेले हात, फुलं, टाळ्या. पूल सोडून सगळ्यांनी वाहवा केली. टेकडीने तर लगेच लिहिलं, "बाई, आमच्याकडे आजपासून सुरू. पेशंट दुवा देतील." त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या गुणगुणतच.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंच्या वॉर्डात दुसऱ्या हॉस्पिटलातून एक पेशंट आले. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, आदल्या दिवशीच तिकडे ऑपरेशन झालेलं. त्यांच्या पाठीत एपिड्यूरल होती. म्हणजे कण्याजवळ एक केसासारखी बारीक नळी, तिच्यातून भूल देणारं औषध थेंब थेंब जातं आणि कमरेखालचं दुखणं कळत नाही. बाईंच्या हॉस्पिटलात ही नळी कुणी घालतच नसे. धाकटी सिस्टर हातमोजे चढवून आली आणि हौसेने म्हणाली, "बाई, काढू ना यांचा कॅथेटर? तुमच्याच मेसेजप्रमाणे."

"थांब," बाई म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघाला. डोकं नंतर चाललं. या माणसाला कमरेखालचं काही कळत नाहीये, मग लघवी तुंबली तर याला कळणार कसं? मूत्राशय भरत जाईल, ताणलं जाईल, आणि हे आजोबा आपले खुशाल छताकडे बघत पडून राहतील. मूत्राशय एकदा अती ताणलं गेलं की पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात. कधी कधी पूर्ववत होतच नाही. हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. मग पेपरवाल्यांना कसं सुचलं नाही?

त्या तरातरा आपल्या टेबलाकडे गेल्या, पेपर काढला आणि मागून उघडला. शेवटून दुसऱ्या पानावर तक्ता, तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप: एपिड्यूरल असलेल्या पेशंटना या अभ्यासात घेतलेलं नाही.

बाईंच्या काळजात धस्स झालं. पेपरवाल्यांना चांगलं सुचलं होतं. सुचलं नव्हतं ते बाईंना, कारण त्यांच्या वॉर्डात ती नळीच नव्हती. आणि टेकडीकडे? टेकडीचे भूलतज्ज्ञ एपिड्यूरलचे मोठे भोक्ते. टेकडी कितीदा सांगायची, आमच्याकडे पोटाच्या प्रत्येक दुसऱ्या पेशंटच्या पाठीत नळी असते म्हणून. "आमच्याकडे आजपासून सुरू," हे तिचे शब्द बाईंच्या डोळ्यांपुढे नाचायला लागले.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "थांबा. एपिड्यूरल असलेल्यांचा कॅथेटर काढू नका. माझी चूक झाली. सविस्तर नंतर." कुणी बघितल्याची खूण उमटेना. सगळ्या कामात होत्या. आणि आता कुणी वाचलं तरी मधल्या दिवसांत जे झालं असेल ते थोडंच पुसलं जाणार होतं? टेकडीला फोन लावला, नुसता वाजत राहिला. मग तिच्या वॉर्डातला फोन लावला. कुणी तरी पुरुषाने उचलला.

"सिस्टर आहेत का?"

"सिस्टर नाही येऊ शकत आत्ता. एका आजोबांची लघवी अडकलीये, सगळे तिकडेच धावतायत."

"अहो, पण त्यांना सांगा, की तो कॅथेटर—" आणि फोन कट. परत लावला तर एंगेज.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ड्यूटी संपतच आली होती. त्यांनी पोस्टवाल्या आजोबांचं नीट सांगून वॉर्ड ताब्यात दिला आणि गणवेशातच बाहेर पडल्या. फाटकाशी त्यांचे यजमान नेहमीप्रमाणे स्कूटर घेऊन उभे होते. शिलाई मशीन दुरुस्त करणारा शांत माणूस. आयुष्यात कधी घाई केली नाही आणि कुणाची चालूही दिली नाही.

"अहो, टेकडीवर चला."

"आत्ता? फिरायला?"

"माझ्यामुळे एका माणसाचं वाटोळं झालंय. चला आधी."

अर्ध्या रस्त्यात बाईंनी पाठीमागून सगळं सांगितलं. वाऱ्यात निम्मं उडून गेलं, उरलेलं यजमानांना कळलं. चढाला लागल्यावर स्कूटर धापा टाकायला लागली तेव्हा ते म्हणाले, "एक विचारू? रागावणार नसलीस तर."

"विचारा."

"तुझ्या मेसेजमुळेच त्या आजोबांचं अडकलं, याला पुरावा काय?"

एरवी बाईंनी त्यांना तिथेच स्कूटर थांबवायला लावून चार शब्द सुनावले असते. पण आज त्यांना रडू फुटलं. "मला तुमचे विनोद नकोत हो," त्या म्हणाल्या. "मी इतक्या लोकांना वाचायला शिकवलं आणि मीच वाचलं नाही. मला एवढी घाई कसली झाली होती?"  यजमानांनी एक हात मागे करून बायकोच्या गुडघ्यावर थोपटलं आणि दुसऱ्या हाताने स्कूटर सांभाळली.

टेकडीचं हॉस्पिटल दोन मजली, लांबट, खिडक्या मोठ्या. बाई कुणालाही न विचारता वास घेत घेत सर्जिकल वॉर्डात पोचल्या. नर्स कुठल्याही हॉस्पिटलात वॉर्ड शोधू शकते, तिला पाटी लागत नाही. दारात पाऊल टाकताच त्यांची नजर पहिल्याच कॉटवर गेली. एक आजी कुशीवर झोपलेल्या, पाठीला चिकटपट्टी, चिकटपट्टीखालून निघालेली बारीक नळी खांद्यावरून पुढे आलेली. एपिड्यूरल.  बाई वाकल्या आणि कॉटच्या कडेला बघितलं.

तिथे लघवीची पिशवी लटकत होती. चांगली अर्धी भरलेली, स्वच्छ, पिवळी धमक. कॅथेटर जागच्या जागी.

बाई पुढच्या कॉटकडे गेल्या. पाठीत नळी, खाली पिशवी. त्याच्या पुढे एक तरुण, पाठीत काही नाही, कॅथेटरही नाही, आणि पठ्ठ्या भिंतीला धरून चालत निघालेला. पुढे परत पाठीत नळी, खाली पिशवी. लघवीच्या पिशव्यांकडे इतक्या प्रेमाने आजवर कुणी बघितलं नसेल. बाईंचा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा अजून त्या आजोबांपाशी अडकला होता.

"कोण पाहिजे आपल्याला?" मागून आवाज आला. बाईंनी आवाज ओळखला. परिषदेतल्या रांगेतला चेहरा त्या कधीच विसरल्या होत्या आणि फोनवर ऐकून त्यांनी चांगली धिप्पाड बाई मनात धरली होती. समोर मात्र एक चिमुकली, किडकिडीत नर्स उभी होती, केसांत पेन खोचलेलं.

"टेकडी?"

"अगं बाई! बाई, तुम्ही?" ती अक्षरशः दचकली. "इथे कशा?"

"त्या आजोबांचं काय झालं? लघवी अडकलेल्या?"

"ते होय. घरूनच आले तसे. प्रोस्टेटचे जुने पेशंट आहेत, दर थोड्या दिवसांनी हेच. आत्ता कॅथेटर घातला, आता चहा मागतायत. पण तुम्हाला कसं कळलं?"

 बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या. डोळे भरून आले होते, हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करायची त्यांना सवय नव्हती. टेकडीने घाबरून पाणी आणलं. बाईंनी ते एका दमात संपवलं आणि म्हणाल्या, "सुटले गं. सुटले."

नर्सेसच्या खोलीत बसल्यावर सगळा उलगडा झाला. पाठीत नळी असलेल्यांपैकी कुणाचाच कॅथेटर टेकडीने काढला नव्हता. पहिल्या दिवसापासून.

"पण का? माझ्या मेसेजमध्ये तर सर्व पेशंट असं होतं."

टेकडी ओशाळली. "मी वाचला ना पेपर. मागून. आता सवयच लागलीये, तुम्हीच लावलीत."

"तळटीप दिसली तुला?"

"दिसली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

टेकडी कपात बघत राहिली. "बाई, तुम्ही लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्हाला त्यापुढचं काहीतरी माहीत असणार, माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून मी आपलं आमच्यापुरतं गुपचूप सांभाळून घेतलं. आणि ग्रुपवर सगळ्यांनी इतकी फुलं टाकली होती. त्या फुलांत मी तळटीप कुठे ठेवू?"

बाईंनी तिथूनच बंदरला फोन लावला. ती म्हणाली, "हो बाई, मीही बघितलं होतं ते. आमच्याकडे एकच होता तसा पेशंट, त्याचा नाही काढला. मला वाटलं टेकडी बोलेल." स्टेशनला फोन लावला. ती वैतागून म्हणाली, "कसलं काय बाई, आमच्याकडे अजून सुरूच झालं नाही. साहेबांची सही व्हायचीये." साहेबांच्या सहीच्या नावाने बाईंनी आजवर कितीदा बोटं मोडली होती. आज पहिल्यांदा त्यांनी मनातल्या मनात त्या साहेबांना उदंड आयुष्य चिंतलं. पूलला विचारायचं कारणच नव्हतं. तिने मेसेज उघडलेलाच नव्हता.

म्हणजे कुणालाही काहीही झालं नव्हतं. एकाही पेशंटला नाही. बाई खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसल्या. मघापासून छातीवर ठेवलेला दगड उतरला होता आणि अंग इतकं हलकं झालं होतं, की हातपाय आपलेच आहेत का ते चाचपून बघावं असं वाटत होतं. खिडकीतून खालून खटखट आवाज येत होता. यजमानांना हॉस्पिटलच्या चादरी शिवायच्या खोलीत एक बंद पडलेलं मशीन सापडलं होतं, आणि त्यांनी ते उघडलंही होतं.

पण दगड उतरल्यावर खाली काहीतरी टोचायला लागलं. चूक दोघींना दिसली होती आणि दोघींनी ती बाईंपासून जपून ठेवली होती, पेशंटपासून आजार लपवावा तशी. आज निभावलं, कारण त्या दोघींनी आपापल्या घरी मागून वाचलं होतं. उद्या एखादी दमलेली असेल, तिने वाचलं नसेल, आणि ज्यांनी वाचलं त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत गप्प असतील. बाई आयुष्यभर मोठ्या डॉक्टरांना विचारत आल्या होत्या, तुम्ही म्हणता म्हणून का? आणि त्यांच्या स्वतःच्या ग्रुपात नेमकं हेच चाललं होतं. बाई म्हणाल्या म्हणून.

"मी इतकी भीतीदायक आहे का गं?" त्यांनी विचारलं.

टेकडीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तो तिला जमला नाही. "थोड्या आहात," ती म्हणाली.

बाईंनी फोन हातात घेतला आणि सविस्तर लिहायला बसल्या. पूलची वाट न बघता पेपर टाकला, हे लिहिलं. तळटीप वाचली नाही, हे लिहिलं. तुमच्यातल्या दोघींनी वाचली आणि पेशंट वाचले, त्याबद्दल आभार, आणि मला सांगितलं नाही, त्याबद्दल राग, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं: "म्हणून दुरुस्ती. एपिड्यूरल असेल तर, या पेपरनुसार, आधी ती काढावी आणि मगच कॅथेटर काढावा." पाठवून दिलं आणि गार झालेला चहा उचलला.

समोर टेकडीच्या फोनने आवाज केला. ती वाचायला लागली. मान हलवत हलवत खाली आली आणि मध्येच थांबली. परत वर गेली, परत खाली आली. बाईंकडे चोरून बघितलं. बाई चहा पीत होत्या. टेकडीने कप बाजूला सरकवला, केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. बाईंच्या फोनवर दिसायला लागलं, की टेकडी लिहीत आहे. मग ते गेलं. मग परत आलं. परत गेलं. बाईंनी कप तसाच हवेत धरून ठेवला आणि श्वाससुद्धा हळू घेतला.

मग मेसेज आला, ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असा.

"बाई, दुरुस्तीतही चूक आहे. पेपरात एवढंच म्हटलंय, की एपिड्यूरलवाल्यांना अभ्यासात घेतलं नाही. त्यांचा कॅथेटर कधी काढायचा, याबद्दल पेपर एक अक्षर बोलत नाही. एपिड्यूरल काढल्यावर काढा, हे तुम्ही मनाचं घातलंत. याला पुरावा नाही."

बाईंनी ते दोनदा वाचलं. बरोबर होतं. अगदी शंभर टक्के बरोबर होतं. पाठोपाठ बंदरचं आलं, "टेकडीला अनुमोदन." मग स्टेशनचं, "मीही हेच लिहायला घेतलं होतं." आणि मग, इतके दिवस गायब असलेल्या पूलचं, "नातू झाला! पेपर आत्ता वाचते, मागून. कुणी काही बदलू नका तोवर."

या वेळी फुलं कुणीच टाकली नाहीत.

बाईंना हसू फुटलं ते आवरेना. चहा गणवेशावर सांडला. टेकडी पांढरी पडून समोर बसली होती, फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"अगं, मी तुझ्या नाकासमोर बसलेय," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तोंडाने सांगायचंस ना."

"नाही बाई," टेकडी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "सगळ्यांसमोरच सांगायचं होतं."